तीन मशीन, एक खिडकी : पोस्टग्रेस क्लस्टरसाठी पीजीअ‍ॅडमिन कसं बसवावं

डेटाबेस म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जर्नल येतं. एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंट ही दोन टेबलं, पाच-सहा जॉइन, एखादा ट्रिगर, एक्स्टर्नलची सही, आणि विषय संपला. पण जर्नलमधला डेटाबेस एकाच मशीनवर असतो. मशीन बंद पडलं की डेटाबेसही बंद. परीक्षेपुरतं हे चालून जातं. ज्या डेटाबेसवर होस्टेलच्या गेटपासची नोंद, मेसचा हिशोब किंवा फीची पावती आहे, त्याला हे चालत नाही. म्हणून एकाऐवजी तीन मशीन जोडून क्लस्टर करतात. आणि तीन मशीनवर लक्ष ठेवायला तीन काळ्या स्क्रीनसमोर बसणं जमत नाही, म्हणून ब्राउझरमधून चालणारं एखादं साधन बसवतात.

या लेखात डेटाबेस पोस्टग्रेस आणि साधन पीजीअ‍ॅडमिन ४ घेतलं आहे. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवरही शिकण्यापुरती नीट चालतात. आणखी एक कारण आहे. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली झाली, पण पीजीअ‍ॅडमिन ४ च्या कामात आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याचा मोठा वाटा आहे. डेव्ह पेज हे या प्रकल्पाचे प्रमुख. एंटरप्राइजडीबी या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसमधल्या बऱ्याच इंजिनिअरांनी हे साधन लिहिलं आणि वाढवलं. जुनं पीजीअ‍ॅडमिन ३ सी प्लस प्लसमध्ये होतं आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर वेगळं टाकावं लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेलं पीजीअ‍ॅडमिन ४ पायथन आणि फ्लास्कवर नव्यानं लिहिलेलं आहे. ते एका मशीनवर बसवलं की बाकी सगळ्यांना ब्राउझर पुरतो.

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.)

'क्लस्टर' या शब्दाचा घोळ

पुढे जाण्याआधी एक गोष्ट साफ करू, कारण व्हायवामध्ये इथेच दांड्या उडतात. क्लस्टर हा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या अर्थानं वापरतात.

ओरॅकलचं रिअल अ‍ॅप्लिकेशन क्लस्टर्स, म्हणजे आरएसी, हे ९आय आवृत्तीबरोबर २००१ साली आलं. त्यात मशीन अनेक, पण डिस्कवरचा डेटा एकच, सगळ्यांचा सामाईक. कुठल्याही मशीनवरून लिहा, ते त्याच डेटात जातं. १०जी आवृत्तीपासून त्याच्यासोबत डेटाबेस कंट्रोल नावाचं वेब पान मिळे, ते क्लस्टरसाठी बसवण्याची वेगळी कमांड होती. २०१३ च्या १२सी मध्ये ते काढून टाकलं. जुन्या पुस्तकांत त्याचे स्क्रीनशॉट दिसतील, ते पाहून गोंधळू नका.

पोस्टग्रेसचं तसं नाही. इथे प्रत्येक मशीनकडे डेटाची स्वतःची पूर्ण प्रत असते. एक मशीन प्रायमरी, तिथेच लिहिता येतं. बाकीची स्टँडबाय, ती प्रायमरीकडून येणाऱ्या नोंदी जशाच्या तशा लावत राहतात आणि फक्त वाचू देतात. त्यात गंमत अशी, की पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये 'डेटाबेस क्लस्टर' म्हणजे एका मशीनवरची एक डेटा डिरेक्टरी! म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर एकट्यानं चालणारा पोस्टग्रेससुद्धा त्यांच्या भाषेत क्लस्टरच. आपण या लेखात क्लस्टर म्हणू ते मात्र तीन मशीनच्या जोडणीला.

मशीनची तयारी

तीन मशीन घ्या आणि त्यांना नावं द्या. आपल्या जिल्ह्याला शोभतील अशी : प्रवरा, मुळा आणि सीना. चौथं एक साधं मशीन पीजीअ‍ॅडमिनसाठी, त्याचं नाव कुकडी. नावाचा हट्ट का, ते पुढे कळेल. 'मास्टर', 'बॅकअप' असलं नाव मशीनला कृपा करून देऊ नका.

तिन्ही मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती आणि पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच हवी. मुख्य आवृत्ती वेगळी असेल तर ही जोडणी होतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. ऑपरेटिंग सिस्टीमची चूक मात्र कळत नाही, आणि म्हणून ती जास्त वाईट. अक्षरांचा क्रम, म्हणजे 'अनिल' आधी की 'अमोल', हे पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो. या लायब्ररीच्या २०१८ सालच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. आता प्रवरावर उबंटू १८.०४ आणि मुळावर २०.०४ असेल, तर इंडेक्स बांधला जातो प्रवराच्या क्रमानं आणि मुळा त्यात शोधते स्वतःच्या क्रमानं. एरर येत नाही. फक्त टेबलात असलेला एखादा विद्यार्थी 'सापडला नाही' असं उत्तर येऊ शकतं. रजिस्टरमधली नावं मराठीत ठेवणार असाल तर हे जास्तच ध्यानात ठेवा.

दुसरं म्हणजे यूपीएस. आपल्याकडे तीन मशीनना यूपीएस लावतात आणि त्यांना जोडणारा नेटवर्कचा स्विच तसाच भिंतीच्या प्लगवर राहतो. वीज गेली की तिन्ही मशीन जिवंत, पण एकमेकांशी बोलणं बंद. क्लस्टरच्या दृष्टीनं ही परिस्थिती मशीन बंद पडण्यापेक्षा अवघड असते. का, ते पुढे येईलच. स्विचला आधी यूपीएस द्या.

प्रतींची जोडणी

प्रवराला प्रायमरी करू. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतो, म्हणून 'लिसन_अ‍ॅड्रेसेस' हे सेटिंग बदलून त्याला लॅबच्या नेटवर्कवर ऐकायला लावायचं. मग रेप्लिकेशनचा अधिकार असलेला एक वेगळा रोल तयार करायचा, आणि 'पीजी_एचबीए' फाईलमध्ये मुळा आणि सीना यांच्या आयपीवरून त्या रोलला येऊ द्यायचं. इथे एक खाचखळगा आहे. या फाईलमध्ये डेटाबेसच्या जागी 'ऑल' लिहिलं तरी रेप्लिकेशनची परवानगी त्यात येत नाही. 'रेप्लिकेशन' असा शब्द लिहिलेली वेगळी ओळ लागते. 'ऑल' म्हणजे सगळं, या समजुतीत अर्धा दिवस जाऊ शकतो.

आता मुळावर. उबंटूवर पोस्टग्रेस टाकला की तो आपणहून एक रिकामा डेटाबेस तयार करून ठेवतो. प्रवराची प्रत आणायची तर ती डिरेक्टरी रिकामी लागते. मुळावरचा पोस्टग्रेस थांबवायचा, जुनी डिरेक्टरी बाजूला करायची आणि 'पीजी_बेसबॅकअप' ही कमांड 'आर' या मोठ्या अक्षराच्या पर्यायासह चालवायची. त्या पर्यायामुळे दोन गोष्टी होतात : 'स्टँडबाय डॉट सिग्नल' नावाची रिकामी फाईल तयार होते, आणि प्रायमरीचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला जातो. ती रिकामी फाईल दिसली की पोस्टग्रेस समजतो, आपण स्टँडबाय. आवृत्ती १२ च्या आधी यासाठी 'रिकव्हरी डॉट कॉन्फ' फाईल होती. इंटरनेटवरचे अजूनही बरेच धडे तिच्यावरच आहेत, ते पाहून केलंत तर नवा पोस्टग्रेस सुरूच होणार नाही. हेच सगळं सीनावर परत करायचं.

वर 'डिरेक्टरी बाजूला करायची' असं लिहिलं आहे, 'डिलीट करायची' असं नाही. हा शब्दांचा खेळ नाही. नाव बदलून ठेवा, दोन दिवसांनी काढा. याची किंमत एका मोठ्या कंपनीनं मोजली आहे, ती गोष्ट थोड्या वेळानं.

एक नाव आत्ताच लावून टाका. स्टँडबाय प्रायमरीला जोडताना स्वतःचं 'अ‍ॅप्लिकेशन_नेम' सांगतो. ते आपण दिलं नाही तर उबंटूवर दोन्ही स्टँडबाय एकाच नावानं दिसू शकतात, आणि मग मागे कोण पडलंय तेच कळत नाही. मुळानं 'मुळा' सांगावं, सीनानं 'सीना'.

कुकडीवर पीजीअ‍ॅडमिन

आता मुख्य काम. ते तुलनेनं सोपं आहे, म्हणून लवकर उरकू. पीजीअ‍ॅडमिनची स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी उबंटूला जोडायची आणि 'पीजीअ‍ॅडमिन४-वेब' हे पॅकेज टाकायचं. मग 'सेटअप-वेब' नावाची स्क्रिप्ट चालवायची. ती एक ईमेल आणि पासवर्ड विचारते, अपाची वेब सर्व्हर जुळवून देते, आणि कुकडीच्या पत्त्यापुढे 'पीजीअ‍ॅडमिन४' लावून ब्राउझरमध्ये उघडलं की लॉगिनचं पान येतं. डॉकर येत असेल तर त्याची तयार इमेजही मिळते.

हे साधन तीन डेटाबेस मशीनपैकी एकावरच का नाही टाकायचं? टाकता येतं. पण प्रवरा पडली आणि पीजीअ‍ॅडमिनही प्रवरावरच असलं, तर ज्या क्षणी बघायचं आहे नेमकं त्याच क्षणी खिडकी बंद. पीजीअ‍ॅडमिन आपले युजर आणि सर्व्हरची यादी एका छोट्या एसक्यूलाइट फाईलमध्ये ठेवतं. त्याला क्लस्टरची गरज नसते, आणि ती लावूही नये.

नवीन मुलांचा इथे नेहमी एक गोंधळ होतो. लॉगिन दोन आहेत. ईमेल आणि पासवर्डचं लॉगिन हे पीजीअ‍ॅडमिनचं, म्हणजे खोलीत शिरण्याचं. पोस्टग्रेसचा रोल आणि त्याचा पासवर्ड हा डेटाबेसचा, म्हणजे कपाट उघडण्याचा. एकाचा पासवर्ड बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. खोलीच्या दारावर तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की मूळ सेटिंगनुसार खातं लॉक होतं, आणि अ‍ॅडमिनला ते सोडवावं लागतं. तेव्हा अ‍ॅडमिन खाती दोन ठेवा. एकमेव अ‍ॅडमिनचंच खातं लॉक झालं तर सबमिशनच्या आठवड्यात पळापळ होईल.

नुसतं बघायला 'पोस्टग्रेस' हा सुपरयुजर वापरू नका. आवृत्ती १० पासून 'पीजी_मॉनिटर' नावाचा तयार रोल मिळतो. तो दिलेला माणूस क्लस्टरची तब्येत पाहू शकतो, टेबल पाडू शकत नाही. रोज डॅशबोर्ड बघणाऱ्याला एवढा अधिकार पुरे.

आणि हे पान कॉलेजच्या नेटवर्कबाहेर उघडं ठेवू नका. एचटीटीपीएस लावा आणि आवृत्ती ताजी ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ९.२ या आवृत्तीत एक गंभीर त्रुटी बुजवली : त्याआधीच्या आवृत्त्यांत लॉगिन असलेला माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. ज्या पानावरून तिन्ही मशीनपर्यंत पोचता येतं, त्या पानाची चावी म्हणजे तिन्ही मशीनची चावी.

प्रत्येक मशीनच्या 'पीजी_एचबीए' फाईलमध्ये कुकडीच्या आयपीला येऊ देणारी ओळ टाका. प्रत्येक म्हणजे तिन्ही. प्रवरावर केलेला नवा रोल आपोआप मुळा आणि सीनावर पोचतो, कारण रोल हा डेटाबेसच्या आतला भाग आहे. या फाईलचं तसं नाही, ती त्या-त्या मशीनची खाजगी बाब. आज ओळ फक्त प्रवरावर टाकली तर सगळं छान चालतं. प्रवरा पडेल त्या रात्री कळेल, की मुळा कुकडीला आत घेत नाही. मेमरी किंवा कनेक्शनच्या सेटिंगचंही असंच.

नाव, रंग आणि खरी ओळख

पीजीअ‍ॅडमिनमध्ये 'रजिस्टर सर्व्हर' करताना तीन वेगळ्या नोंदी करा, प्रत्येक मशीनची एक. तिथे नाव देता येतं, आणि पार्श्वभूमीचा रंगही. साहजिकच मनात येतं : प्रायमरीला लाल, स्टँडबायला हिरवा. नाव 'प्रायमरी'. बघताक्षणी कळेल.

इथे थांबा. रंग आणि नाव आपण मशीनला चिकटवतो, पण प्रायमरीपण ही त्या मशीनची जात नाही, आजची ड्युटी आहे. उद्या प्रवरा बिघडली आणि मुळाला बढती दिली, की 'प्रायमरी' नावाची लाल नोंद बंद पडलेल्या किंवा शिळ्या मशीनकडे बोट दाखवते, आणि खरी प्रायमरी शांतपणे हिरव्या रंगात बसलेली असते. पीजीअ‍ॅडमिन आपण दिलेला रंग आपणहून बदलत नाही. आणि ही अदलाबदल नेमकी रात्री, घाईत आणि घाबरलेल्या अवस्थेत होते. म्हणून नाव मशीनचंच ठेवायचं : प्रवरा, मुळा, सीना. रंग तिन्हींना वेगळे द्या, पण त्यांचा अर्थ 'ही प्रवरा' एवढाच.

मग प्रायमरी कोण, हे कसं ओळखायचं? विचारून. क्वेरी टूल उघडलं की पहिली ओळ हीच : 'सिलेक्ट पीजी_इज_इन_रिकव्हरी()'. उत्तर 'ट्रू' आलं तर स्टँडबाय, 'फॉल्स' आलं तर प्रायमरी. त्याच ओळीत 'इनेट_सर्व्हर_अ‍ॅडर()' जोडलं की आपण खरोखर कोणत्या आयपीशी बोलतोय तेही दिसतं. दोन सेकंदांचं काम आहे.

चुकून स्टँडबायवर लिहायला गेलात तर नुकसान होत नाही, व्यवहार फक्त वाचण्यापुरता आहे असा एरर येतो. उलटी चूक महाग पडते : आपण स्टँडबायवर आहोत असं समजून प्रायमरीवर काम करणं.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत नेमकं हेच झालं. डेटाबेस पोस्टग्रेसच. एक प्रायमरी, एक स्टँडबाय, नावं डीबी१ आणि डीबी२. स्टँडबाय मागे पडली होती, तिची प्रत नव्यानं आणायची होती. 'पीजी_बेसबॅकअप' पुढे सरकत नव्हतं. जुनी डिरेक्टरी आडवी येत असेल असं वाटून इंजिनिअरनं ती डिलीट करायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की ही डीबी२ नाही, डीबी१ आहे. कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप बरेच दिवस घेतलाच जात नव्हता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा. तो फसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी सहज घेतलेली एक प्रत हाती लागली, तिच्यावर सगळं उभं केलं. अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला. कंपनीनं मन मोठं करून सगळा अहवाल जाहीर केला, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. पुढच्या उपायांच्या यादीत एक साधी गोष्टही होती : प्रत्येक मशीनचा प्रॉम्प्ट असा बदला, की कुठलं मशीन आहे ते स्पष्ट दिसेल.

हा प्रकार कमांड लाइनवर घडला, ब्राउझरमध्ये नाही. पण ब्राउझरमध्ये तीन टॅब सारखेच दिसतात, त्यामुळे धोका तिथे कमी होत नाही. प्रॉम्प्टमध्ये निदान मशीनचं नाव असतं, टॅबमध्ये आपण दिलेलंच नाव असतं.

टेलचं पाणी

डॅशबोर्डवर तिन्ही मशीन चालू दिसतात. सेशनच्या रेषा वर-खाली होतात. म्हणजे डेटा तीन ठिकाणी सुरक्षित आहे का? तसं म्हणता येत नाही.

आपल्याकडे कालव्याखालच्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. धरणातून आवर्तन सुटलं म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं असं नसतं. हेडला पाणी आज, टेलला चार दिवसांनी, कधी तेवढंही नाही. प्रवरावर झालेली प्रत्येक नोंद आधी डब्ल्यूएएल नावाच्या लॉगमध्ये लिहिली जाते. तो लॉग मुळा-सीनाकडे वाहतो, तिथे पोचतो, डिस्कवर लिहिला जातो आणि मग प्रत्यक्ष लागू होतो. पोचणं आणि लागू होणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रवरावर 'पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन' हा व्ह्यू पाहा. प्रत्येक स्टँडबायची एक ओळ असते, तिच्यात पाठवलं किती, लिहिलं किती, लागू केलं किती, आणि 'रिप्ले_लॅग' मध्ये किती वेळ मागे आहे ते दिसतं. ओळच नसेल तर तो स्टँडबाय तुटलेला आहे, मग पीजीअ‍ॅडमिनमध्ये तो कितीही चालू दिसो. स्वतः सीनाला विचाराल तर ती प्रश्नांची उत्तरं देत राहील, फक्त कालची.

'शेवटची नोंद किती वेळापूर्वी लागू झाली' हे स्टँडबायवरूनही मोजता येतं, पण त्यावर विसंबू नका. रात्री दोन ते सहा कुणी काहीच लिहिलं नाही तर ते चार तास मागे दाखवतं, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर उगाच घाम पुसतो.

पीजीअ‍ॅडमिनच्या मेनूत स्टँडबायसाठी डब्ल्यूएएल लागू करणं थांबवण्याचा आणि परत सुरू करण्याचा पर्याय आहे. त्याचा उपयोग आहे : प्रवरावर कुणी चुकून टेबल पाडलं आणि ते सीनावर लागू व्हायच्या आत थांबवता आलं, तर सीनावरून डेटा उचलता येतो. पण सहज दाबून बघितला आणि विसरला, तर सीना पाणी घेत राहते आणि शेतात सोडत नाही.

आता या मागे पडण्याची खरी किंमत. समजा रात्री पावणेदहाला एका मुलानं आउटपास घेतला, गेटवरच्या क्लार्कनं नोंद केली, प्रवरानं 'झालं' म्हणून सांगितलं. पुढच्याच क्षणी प्रवराची डिस्क गेली. नोंद मुळापर्यंत पोचलीच नव्हती. मुळाला प्रायमरी केलं. आता रेक्टर सरांच्या स्क्रीनवर तो मुलगा खोलीत आहे. रात्री घरून फोन आला तर सर काय सांगतील?

यावर उपाय आहे. पोस्टग्रेसला सांगता येतं, की निदान एका स्टँडबायनं नोंद डिस्कवर लिहिली असं कळवल्याशिवाय 'झालं' म्हणू नकोस. 'सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स' मध्ये 'एनी १ (मुळा, सीना)' असं लिहायचं. आवृत्ती १० पासून हे चालतं, आणि आधी लावलेली अ‍ॅप्लिकेशनची नावं इथे उपयोगी पडतात. दोघींपैकी एक बंद असली तरी काम चालतं. दोन्ही बंद झाल्या तर मात्र प्रवरावरचं प्रत्येक कमिट वाट पाहत अडकून राहतं. काहींना हे दुखणं वाटतं. आमच्या मते गेटपास आणि फीसाठी ते बरोबर आहे : पाच मिनिटं रांग थांबली तर लोक कुरकुर करतील, पण कागदावर नोंद करून वेळ निभावता येते. मेसच्या मेनूच्या टेबलासाठी इतका कडकपणा नको, आणि पोस्टग्रेस हा कडकपणा व्यवहारागणिक सैल करू देतो.

प्रवरा पडली तर

मुळाला बढती देण्याची कमांड एका ओळीची आहे, 'सिलेक्ट पीजी_प्रमोट()'. आवृत्ती १२ पासून ती पीजीअ‍ॅडमिनच्या क्वेरी टूलमधूनही देता येते. काही सेकंदांत मुळा लिहू देते. कमांड इतकी सोपी आहे म्हणूनच ती देण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं : प्रवरा खरंच मेली आहे, की फक्त आपल्याला दिसत नाही?

स्विच बंद पडण्याची गोष्ट आठवा. कुकडीवरून प्रवरा लाल दिसते, पण एका क्लार्कचा पीसी दुसऱ्या वाटेनं प्रवराशी जोडलेला आहे आणि तो आरामात नोंदी करतोय. इकडे आपण मुळाला बढती दिली. आता दोन प्रायमरी झाल्या, दोघींकडे वेगवेगळ्या खऱ्या नोंदी, आणि त्या आपोआप एकत्र करणारं कुणी नाही. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात. म्हणून नियम : आधी प्रवराचा पॉवर केबल काढा, हातानं, कुणाला तरी खोलीत पाठवून. मगच बढती.

हे सगळं आपोआप करणारी साधनं आहेत. पोस्टग्रेससाठी झालांडो कंपनीतून आलेलं पॅट्रोनी सर्वांत प्रसिद्ध. ते एटसीडीसारख्या वेगळ्या ठिकाणी मतं मोजतं आणि बहुमत असलेल्या बाजूलाच प्रायमरी होऊ देतं. दोन मशीनमध्ये बहुमत होत नाही, म्हणून तीन. पण आपोआप म्हणजे निर्धास्त असं नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या दोन ठिकाणांमधला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल होता. स्वयंचलित यंत्रणेनं प्रायमरी दुसरीकडे हलवली, आणि दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी राहिल्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. शिकताना आधी हातानं बढती द्यायला शिका, पॅट्रोनी नंतर.

बढतीनंतर दोन कामं उरतात. सीना अजून प्रवराकडेच तोंड करून बसलेली असते, तिच्या सेटिंगमध्ये मुळाचा पत्ता टाकायचा. आणि दुरुस्त झालेली प्रवरा सरळ चालू करायची नाही, नाहीतर ती स्वतःला प्रायमरीच समजेल. 'पीजी_रिवाइंड' नं तिला मुळाशी जुळवून घ्या, डेटा चेकसम आधीपासून चालू असले की ते चालतं (आवृत्ती १८ मध्ये नव्या डेटाबेसला ते आपोआप असतात). किंवा मुळावरून नवी प्रत आणा. मग ती स्टँडबाय म्हणून परत येईल. पीजीअ‍ॅडमिनमध्ये काहीच बदलायचं नाही, कारण नावं नद्यांची आहेत.

दिवाळीची सुट्टी

एक शेवटचा मुद्दा, जो पुस्तकात कमी आणि होस्टेलच्या कॉलेजात जास्त लागतो. स्टँडबाय थोडा वेळ बंद राहिला तर त्याच्या वाट्याचा लॉग प्रायमरीनं जपून ठेवावा म्हणून रेप्लिकेशन स्लॉट करतात. चांगली सोय आहे. पण सुट्टीत कुणीतरी वीज वाचवायला सीना बंद करतं आणि पंधरा दिवस प्रवरा तिच्यासाठी लॉग साठवत बसते. शेवटी प्रवराचीच डिस्क भरते आणि चालू असलेला डेटाबेस बंद पडतो. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स_स्लॉट_डब्ल्यूएएल_कीप_साइझ' नं यावर मर्यादा घालता येते. मूळ सेटिंग अमर्याद आहे, ते डिस्कच्या मानानं काही जीबीवर आणा. मर्यादा ओलांडली तर सीनाची प्रत नव्यानं आणावी लागेल, एवढंच.

सगळंच बंद करायचं असेल तर क्रम असा : आधी प्रवरा, म्हणजे त्या दिवशी जी प्रायमरी असेल ती. नीट बंद होताना ती उरलेला सगळा लॉग जोडलेल्या स्टँडबायना पाठवून मगच थांबते. त्यानंतर मुळा आणि सीना. उलट केलंत तर शेवटच्या नोंदी फक्त प्रायमरीकडेच राहतात. सगळ्यात शेवटी कुकडी, आणि ती बंद करण्याआधी तिच्यावरच्या एसक्यूलाइट फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन लॅब असिस्टंटकडे द्या. आज कोणती नदी प्रायमरी आहे, ते एका कागदावर तारखेसह लिहून मशीनच्या कपाटावर चिकटवा. सुट्टीनंतर पहिल्यांदा खोली उघडणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल.